पट आणि पाटी

शाळेचा पट हा दिसावयास अगदीं साधा कागद. एका बाजूस मुलांचीं नांवें, दुसऱ्या बाजूस रोजची हजेरी. परंतु सरकारी पैशाच्या व्यवहारांत या कागदास हुंडीचें मोल येतें. शाळेस शिक्षक किती, वर्ग किती, पुस्तकें किती, दुपारच्या जेवणाचा तांदूळ किती, हें सर्व पटावरून ठरतें. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांविषयीं आज मला जें सांगावयाचें आहे, तें या पटासंबंधींच आहे.

लातूर म्हटलें कीं शहरांतील पालकांस ‘लातूर पॅटर्न’ आठवतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथील महाविद्यालयांनीं बारावीच्या गुणवत्ता यादींत नांव मिळविलें, आणि दूरदूरचीं मुलें तेथें खोली घेऊन राहूं लागलीं. तें यश खरेंच. परंतु अकरावीस लातुरांत येणाऱ्या खेड्यांतील मुलानें मुळाक्षरें गिरविलीं तीं बहुधा आपल्या गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत. १९६२ सालीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शिक्षणाचा भार त्यांजकडे आला. शिखराचें कौतुक करतांना पायाची विचारपूस क्वचितच होते.

ही विचारपूस नांदेडांत झाली, आणि ती फार कठोर झाली. २०१० च्या सुमारास डॉ. श्रीकर परदेशी हे तेथें जिल्हाधिकारी होते. त्यांनीं प्रथम परीक्षा कॉपीमुक्त करण्याचें मनावर घेतलें. त्याबरोबर जिल्ह्याचा निकाल एकाएकीं खालीं आला. पुष्कळांस तें संकट वाटलें. पण रोग्याचा ताप त्या दिवशीं चढला नव्हता, तो त्या दिवशीं प्रथमच नीट मोजला गेला होता.

त्यानंतर त्यांनीं पट मोजावयास घेतला. पटावरील मुलें वर्गांत प्रत्यक्ष किती आहेत, हें पाहिल्यावर नांदेड जिल्ह्यांत एक लाखाहून अधिक नांवें फाजील निघालीं. एकच मूल दोन शाळांच्या पटांवर, तर कोठें मूलच नाहीं आणि नांव मात्र आहे! प्राथमिक वर्गांत दर मुलामागें रोजचा तांदूळ १०० ग्रॅम. त्या प्रत्येक खोट्या नांवामागें तांदूळ होता, पुस्तक होतें, आणि पुरेशीं नांवें जमलीं कीं शिक्षकाची एक जागाही होती. पुढें हीच पडताळणी ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत साऱ्या महाराष्ट्रांत झाली. एकच मूल दोन ठिकाणीं मोजलें जाऊं नये, म्हणून मतदारांच्या बोटास लावतात तशी शाई मुलांच्या बोटांस लावण्यांत आली. ज्या वयांत बोटास लेखणीची शाई लागावी, त्या वयांत ही शाई लागली. हा कलंक मुलांचा खचित नव्हे.

येथवरची हकीगत अनेकांस ठाऊक असेल. खोटा पट उघडकीस आला, हें उत्तमच झालें. परंतु खरा पट लहान असेल तर काय, हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो, आणि तो अधिक अवघड आहे.

समजा, एका वाडीवर मुलें पंचवीस आहेत आणि शिक्षकानें पंचवीसच लिहिलीं. अशा शाळेस समग्र शिक्षा योजनेच्या नियमाप्रमाणें वर्षास १०,००० रुपयांचें अनुदान. तीसाहून शंभरापर्यंत मुलें असतील तर २५,०००. पण छप्पर दोन्हीं शाळांचें सारखेंच गळतें, आणि विजेचें बिल मुलें मोजून येत नाहीं. एक शिक्षक पहिलीस पाढे सांगतो, तोंवर चौथी गोंगाट करते. २०२३ सालीं वीसाहून कमी मुलांच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार शासनानें पुढें मांडला, तेव्हां राज्यांत अशा शाळा पंधरा हजारांच्या घरांत होत्या.

या विचारास कांहींच आधार नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. मोठ्या शाळेंत मुलांस सोबती मिळतात, इयत्तेस स्वतंत्र शिक्षक मिळतो. परंतु मन्याडच्या खोऱ्यांत ओढ्यास पाणी आलें कीं दोन कोसांवरची ती शाळा सात वर्षांच्या मुलीस परदेशासारखी दूर होते. तिला शाळेंत नेणारी गाडी ज्या दिवशीं येणार नाहीं, त्या दिवसापासून तिचें शिक्षण संपूं लागतें.

आणखी एक गोष्ट. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांबरोबर मुलेंही फडावर जातात. तीं मागें राहावींत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण जें मूल गेलेंच, त्याच्या नांवाचें शिक्षकानें काय करावें? नांव कमी केलें तर शाळेची एक जागा जाईल, आणि मूल चैत्रांत परत येईल तेव्हां त्याला शिकवावयास कोण उरेल? नांव ठेवलें, तर तो खोट्या पटाचा धनी. प्रामाणिक शिक्षकास असा पेंच पडावा, यांत दोष हिशेबाच्या पद्धतीचा आहे.

माझें म्हणणें एवढेंच कीं, पट काटेकोरपणें मोजावा, परंतु सर्वच पैसा डोकीं मोजून देऊं नये. छप्पर, पाणी, वीज आणि दोन शिक्षक एवढा खर्च प्रत्येक शाळेस पटाकडे न पाहतां मिळावा. त्यावरचा हवा तर पटाप्रमाणें द्यावा. असें झालें म्हणजे खरें सांगणाऱ्यास खरें सांगितल्याची शिक्षा होणार नाहीं.

श्रोतेहो, जून महिन्यांत आपल्या घरीं निकालांची चर्चा होईल, शेंकडा किती हें विचारलें जाईल. त्या वेळीं आणखी एक प्रश्न विचारा: परीक्षेस बसलीं किती, आणि पहिलींत पाटी घेऊन आलीं होतीं किती? या दोन आंकड्यांमधील मुलें कोठें गेलीं, हें विचारणारीं घरें वाढलीं, तर वाडीवरची ती शाळा एकटी पडणार नाहीं.