मध्यम लहरींच्या जुन्या प्रक्षेपकाचे पुनरुज्जीवन

बदलापूरजवळच्या बेलवलीपर्यंत आकाशवाणी मुंबईच्या 558 आणि 1044 किलोहर्ट्झवरील ज्या मध्यम लहरी पोहोचत आल्या, त्यांत ध्वनीच्या चढउतारानुसार वाहक लहरीची उंची बदलत असते. या पद्धतीला आयाम अधिमिश्रण, म्हणजेच एएम, म्हणतात. अशा पद्धतीचा एखादा लहान प्रक्षेपक सेवेतून निवृत्त झाला, तर त्याला भंगारात जाऊ देणे हे खरोखर नुकसान आहे, कारण त्यातील अवजड अधिमिश्रण रोहित्र आज सहजासहजी मिळत नाही.

हौशी रेडिओसाठी तो 1044 वरून 1840 किलोहर्ट्झवर न्यायचा, तर कंप्रता ठरवणारा स्फटिक बदलावा लागतोच. शिवाय वेटोळे आणि धारित्र यांच्या मूल्यांचा गुणाकार कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तो जवळजवळ एकतृतीयांशावर आणावा लागतो. पूर्ण अधिमिश्रणात शिखरशक्ती वाहकाच्या चौपट होते आणि भारतातील सर्वसाधारण श्रेणीच्या परवान्याला 400 वॅटची मर्यादा आहे, म्हणून वाहकशक्ती सुमारे 100 वॅट राखणे इष्ट ठरते. दूरसंचार विभागाचा परवाना तर अनिवार्यच आहे. मात्र सर्वांत आधी, वीज तोडल्यावरही धारित्रांत उरणारा प्राणघातक भार अर्थिंगच्या दांडीने उतरवला पाहिजे.