उपचाराच्या पथकात समाजसेवकाचे स्थान

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रोगाचे निदान डॉक्टर करतो. पण रोगी बरा होणे हे त्याच्या मजुरीवर, घरातील धान्यावर आणि एसटीच्या भाड्यावरही अवलंबून असते. हे ओळखूनच १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. शासकीय रुग्णालयांत आज हे पद 'समाजसेवा अधीक्षक' या नावाने आहे. मात्र त्याचे काम बहुधा शिधापत्रिका पाहण्यात आणि योजनांचे अर्ज भरण्यात गुंतून पडते. उपचाराचा निर्णय होतो तेथे त्याला आसन नसते.

याचा परिणाम खानदेशात पाहा. साक्री-शिरपूरकडील आदिवासी मजूर मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो. क्षयाचा औषधोपचार निदान सहा महिन्यांचा. तो मध्येच तुटला की 'रुग्ण अनियमित' असा शेरा पडतो. वस्तुतः उचल हे कर्ज आहे आणि ते अंग मोडूनच फेडावे लागते. शासन क्षयरुग्णास पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये देते. त्यातून उचल फिटत नाही. ही हकीकत समाजसेवकाने पहिल्याच आठवड्यात डॉक्टर, परिचारिका व आशाताईंपुढे मांडली, तर रुग्णाची नोंद गुजरातेतील केंद्राकडे वर्ग करता येते आणि औषध चालू राहते.

जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय कोविड रुग्णालयात बेपत्ता झालेल्या एका वृद्धेचा मृतदेह तेथीलच शौचालयात काही दिवसांनी सापडला. अधिकारी निलंबित झाले. परंतु रुग्ण कोठे आहे, नातेवाइकांना काय कळवले, हे रोज विचारणे ज्याचे नेमून दिलेले काम आहे असा माणूस प्रत्येक पथकात हवा, हा धडा निलंबनाने गिरवला जात नाही.

औषधाची मात्रा डॉक्टरनेच ठरवावी, याविषयी वाद नाही. पण रुग्णाला घरी केव्हा व कोणत्या परिस्थितीत सोडावे, हा एकट्या डॉक्टरचा प्रश्न नव्हे.

आपण कार्यकर्ते ओळखीच्या रुग्णासाठी खाट मिळवतो आणि समाधान मानतो. यापुढे धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जाऊन तीन गोष्टी मागू या: समाजसेवकांची रिक्त पदे भरावीत, वॉर्डाच्या फेरीत त्यांना सामील करावे, आणि त्यांची नोंद केसपेपरवर घ्यावी. खाट एका रुग्णाला मिळते. ही व्यवस्था ज्याला कोणाची ओळख नाही त्याच्याही उपयोगी पडेल.