गाडी बदलताना: विकत की लीजवर?

जुनी गाडी काढायची ठरली, की हल्ली नवा पर्याय समोर येतो. गाडी विकत घेऊ नका, लीजवर घ्या. दरमहा भाडं भरा. विमा, देखभाल बहुतेकदा त्यातच.

आधी घसारा पाहा. विम्याच्या कोष्टकात दहा लाखांची गाडी तीन वर्षांनी सात लाखांची आणि पाच वर्षांनी पाच लाखांची धरतात. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी रस्ता कर 11 टक्के. म्हणजे दोन-तीन वर्षांत विकणाऱ्याचं वर्षाकाठी नुकसान सर्वांत मोठं. ज्यांची सतत बदली होते, त्यांना लीज खरोखर सोयीची. पण आठ-दहा वर्षं एकच गाडी जपणाऱ्यांनी विकतच घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. कर्ज फिटल्यावरची वर्षं हप्त्याविना जातात. लीजमध्ये भाडं कधी थांबत नाही.

करारात किलोमीटरची मर्यादा वाचा. पुण्याहून दर पंधरवड्याला कोकणात गावी जाणाऱ्याची ती सहज ओलांडते, आणि जादा किलोमीटरचे पैसे वेगळे. मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड किती, हेही विचारा.

आणखी एक, जे पुष्कळजण विसरतात: विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं.