साचा तोच, सारण वेगळं: एका डोक्यात ऑटिझम आणि एडीएचडी

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, आज माइक फार जवळ आलाय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले शंभर एक 'म्हणजे' काढून टाकलेत.

पोह्यांपासून सुरुवात करते. गेल्या वर्षी मी सलग सात आठवडे रोज सकाळी पोहे खाल्ले. तीच कढई, तीच स्टीलची ताटली, सव्वाआठची वेळ. कंटाळा? अजिबात नाही. उलट दिवस कसा छान सुरू व्हायचा. आईला आनंद झाला, पोरगी वेळेवर खातेय. तिने सांगलीहून पुण्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दोन किलो पोहे आणि शेंगदाणे पाठवले. पोहे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी घास तोंडात घेतला आणि गिळताच येईना. नखरे नव्हते हो, घशाखाली उतरेचना. पुढचे तीन दिवस मी नाश्ताच केला नाही, कारण पोह्यांच्या जागी काय खायचं हे ठरलेलं नव्हतं आणि ते ठरवायची ताकद सकाळी सव्वाआठला माझ्यात नसते. चौथ्या दिवशी डोकं भयंकर दुखत होतं, आणि मीटिंगमध्ये एका साध्या प्रश्नावर मी समोरच्याच्या अंगावर ओरडले.

दोन्ही एकत्र असणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी ही पोह्यांची गोष्ट सांगते. माझ्यातल्या ऑटिझमला सगळं जसंच्या तसं हवं असतं. एडीएचडीला रोज काहीतरी नवं हवं असतं. जेवणाचं ताट एकच, पोट एकच, आणि मागण्या दोन.

आता मला सर्वात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर चांगल्या सल्ल्यांचा. एडीएचडीवरचे व्हिडिओ सांगतात, एकच पद्धत धरून बसू नका, ॲप बदला, जागा बदला, कामाचा खेळ करा. ऑटिझमवाले सांगतात, वेळापत्रक करा, पक्कं करा, बदल टाळा. मी दोन्ही मनापासून केलं. रविवारी रात्री रंगीत पेनांनी आठवड्याचं वेळापत्रक करायचं. सोमवार झकास. बुधवारपर्यंत त्या कागदाकडे बघायचीही इच्छा उरायची नाही. आणि गुरुवारी, वेळापत्रक मोडलं म्हणून, बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं. तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना डेडलॉक माहीत असेल. दोन प्रोसेस एकमेकींच्या हातातली वस्तू मागत उभ्या राहतात आणि कुणीच पुढे सरकत नाही. सोफ्यावर तीन तास नुसतं बसून राहिलेली मुलगी दिसली की लोक आळशी म्हणतात. आत काय मारामारी चाललेली असते ते कुणाला दिसत नाही.

गंमत बघा, २०१३ पर्यंत डॉक्टरांनाही हे दोन्ही एकत्र लिहिता येत नव्हतं. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचं डीएसएम नावाचं निदानाचं पुस्तक आहे. जगभर ते वापरतात, आपल्याकडेही वापरतात. त्याच्या चौथ्या आवृत्तीचा नियम असा होता की ऑटिझम असेल तर एडीएचडीचं वेगळं निदान करायचं नाही. मे २०१३ मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा तो नियम गेला. त्या वर्षी मी दहावीला होते. म्हणजे माझं सगळं शाळकरी वय त्या जुन्या नियमात गेलं. अर्थात आमच्या शाळेत कुणी डीएसएम उघडून बसलं नव्हतं. तिथे निदान एकच होतं, 'हुशार आहे पण वेंधळी आहे.'

आणि दोन्ही एकत्र असले की एकमेकांना झाकतात. एडीएचडीमुळे मी मध्येच बोलते, जोक मारते, चटकन ओळख काढते. त्यामुळे 'ही कसली ऑटिस्टिक, एवढी बडबडी' असं वाटतं. ऑटिझममुळे माझ्याकडे याद्या असतात, किल्ली कायम त्याच खिळ्याला असते. त्यामुळे 'हिला कसलं एडीएचडी, एवढी टापटीप' असं वाटतं. किल्ली त्या खिळ्याला आहे कारण ती याआधी अकरा वेळा हरवलीय, हे कोण बघतंय! मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच घडतं. गप्प बसणाऱ्या, शहाण्यासारखं वागणाऱ्या, दुसऱ्या मुलींचं बघून बघून हसायला शिकणाऱ्या मुलीला कोण तपासायला नेणार?

(एक तक्रार. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. ज्याने हा शब्द केला त्याला मला भेटायचंय. मी स्वतःत कुठे मग्न आहे? मला शेजारच्या टेबलावरचं बोलणं, ट्यूबलाइटची गुणगुण, कुणाच्या तरी डब्यातली मेथी, सगळं एकाच आवाजात ऐकू येतं. स्वतःत मग्न होता आलं असतं तर बरंच झालं असतं.)

मला निदान सव्विसाव्या वर्षी मिळालं. त्याआधी एक नोकरी गेली. कंपनीचं नाव सांगणार नाही, आणि दोष फक्त त्यांचाच होता असंही नाही. तिथे खुली बसायची व्यवस्था होती, रोज जागा वेगळी. कामाच्या सूचना तोंडी, जाता जाता. 'हे जरा बघून घे.' जरा म्हणजे किती? बघून म्हणजे वाचून, की दुरुस्त करून? मी विचारायचे नाही, कारण विचारलं की लोक हसायचे. दीड वर्ष मी दिवसभर 'नॉर्मल' वागायचे आणि घरी येऊन दिवा न लावता फरशीवर पडून राहायचे. शेवटच्या महिन्यात बोलणं अडायला लागलं. शब्द माहीत असायचे, तोंडातून निघायचे नाहीत. सांगलीला घरी गेले ती सहा आठवडे तिथेच राहिले. आई कपाळाला हात लावून बघायची, ताप नाही, मग काय झालंय? बाबा काहीच विचारायचे नाहीत. संध्याकाळी शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. आत्ता कळतं की तेव्हा मला तेवढंच हवं होतं.

आधी फक्त एडीएचडीचं निदान झालं आणि औषध सुरू झालं. हा माझा अनुभव आहे, सल्ला नाही. ही औषधं सायकिॲट्रिस्टनेच द्यायची असतात, मित्राच्या पाकिटातली घेऊन बघायची नसतात. औषधाने डोक्यातला गोंगाट कमी झाला आणि मग मला बाहेरचा गोंगाट ऐकू आला. फ्रिज एवढा आवाज करतो हे मला सव्वीस वर्षं माहीत नव्हतं! वेळापत्रकातला छोटा बदलही आधीपेक्षा जास्त टोचायला लागला. मला वाटलं औषध चुकीचं आहे. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी लहानपणाबद्दल विचारायला सुरुवात केली, आणि पुढच्या तीन भेटी आईलाही बसवलं. आईने सांगितलं, ही चार वर्षांची असताना लग्नात बँड आला की टेबलाखाली जाऊन बसायची आणि तिथे चमचे लांबीप्रमाणे लावायची. मला यातलं काहीही आठवत नाही.

तर आता जमतं कसं? एक गोष्ट मला मोदक करताना सुचली, आणि मी हे अभिमानाने सांगते कारण मोदक मला जमत नाहीत, साच्यातलेच करते. साचा तोच ठेवायचा, सारण बदलायचं. नाश्ता सव्वाआठला, त्याच ताटलीत, त्याच खिडकीपाशी. हे हलणार नाही. ताटलीत काय, ते डब्यातल्या चिठ्ठीवर. पोहे, उपमा, थालीपीठ, ब्रेड-अंडं. चिठ्ठी निघाली आणि नको वाटलं तर एकदा बदलायची परवानगी आहे. म्हणजे एकीला ठरलेलं मिळतं, दुसरीला नवं मिळतं आणि सकाळी निर्णय घ्यायचा नसतो. आई फोनवर आता आधी विचारते, 'काय गं, सध्या कशाचे दिवस आहेत?' आणि अर्धा किलोच पाठवते.

व्यायामाचंही तेच. वेळ साडेसहा. कधी दोरी, कधी नाच, कधी नुसती टेकडी. कामातही तेच. सकाळचे पहिले दोन तास कोडचे, पण त्यात काय उचलायचं ते त्या दिवशीचं डोकं ठरवतं.

हे प्रत्येक ठिकाणी चालतं असं नाही. कपडे धुणं मला अजून जमलेलं नाही. खुर्चीवर डोंगर आहे, आत्ता समोर दिसतोय.

शरीराकडून निरोप येत नाहीत, हा एक वेगळाच भाग. बग सापडत नसला की मी सहा-सहा तास उठत नाही. भूक, तहान, लघवी, काही कळत नाही. कळतं तेव्हा एकदम रडू येतं आणि मला वाटतं आपण आयुष्यावरच वैतागलोय. आता नियम केलाय, आयुष्याबद्दल कुठलाही निष्कर्ष काढायच्या आधी पाणी प्यायचं आणि काहीतरी खायचं. अर्ध्या वेळा आयुष्य ठीक निघतं.

आणि सोबत. इंग्रजीत याला बॉडी डबलिंग म्हणतात. आपण काम करताना कुणीतरी नुसतं जवळ असलं की काम सुरू होतं. आमच्याकडे हे आजी करायची. ती तांदूळ निवडत बसायची, मी गणितं सोडवायचे, दोघींत एक शब्द नाही. आजी उठली की माझी वही बंद. आता एक मैत्रीण रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावते. ती भांडी घासते, मी बिलं भरते.

आवाजाबद्दल लोकांना एक कोडं पडतं. ट्रॅफिकमधला हॉर्न मला सहन होत नाही, मिक्सर लावताना मी कानात बोळे घालते, आणि मी ढोल पथकात वाजवते! कसं? ढोल मी वाजवते. कधी सुरू होणार, कधी थांबणार, पुढचा ठोका कुठे पडणार, सगळं माहीत असतं. सगळ्यांनी एकाच वेळी तेच करायचं, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. आणि दणदणीत! माझ्या दोन्ही बाजू एकाच वेळी खूश असतात अशी माझ्या आयुष्यातली ही एकमेव जागा असावी. कानात इअरप्लग असतातच. ते तुम्हीही घाला, ढोल वाजवणाऱ्या सगळ्यांनीच घालायला हवेत. मिरवणुकीत मागून डीजेची भिंत आली की मात्र मी गल्लीत पळते.

आताच्या नोकरीत मी सांगितलंय. सगळ्यांना नाही, टीम लीडला. मागणं तीनच होती: काम लेखी सांगा, तारीख स्पष्ट सांगा, जागा कोपऱ्यातली द्या. कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. म्हणजे सरकारी कागदावर मी अर्धीच आहे. मी अजून प्रमाणपत्र काढलेलं नाही. काढावं की नाही यावर घरात एकमत नाही, आणि खरं सांगायचं तर माझं माझ्याशीही नाही.

आता जे बोलायला मी गेले दोन भाग टाळतेय ते. लग्न. आईचं म्हणणं, 'दवाखान्याचं आधी सांगू नको, ओळख झाली की मग बघू.' ती वाईट नाही, घाबरलीय. पहिल्या स्थळाला मी तिचं ऐकलं. दीड तास छान वागले, डोळ्यांत बघून बोलले, पोह्यांना नावं ठेवली नाहीत. घरी येऊन दोन दिवस झोपले. त्यांच्याकडून होकार आला. तो होकार बघून मला धडकी भरली, कारण होकार ज्या मुलीला आला होता ती दीड तासापेक्षा जास्त टिकत नाही. मी नाही म्हणाले. घरात महिनाभर कुणी धड बोललं नाही.

दुसऱ्या वेळी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांच्याकडून परत फोन आला नाही. आई म्हणाली, 'बघ.' मी म्हटलं, 'बघितलं.' मला वाईट वाटलं, पण झोपावं लागलं नाही.

डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश संशोधक आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये असं मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही हे अर्धंच खरं, इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही. गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. मी हे आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'तुझ्या बाबांचं मला तीस वर्षं कळत नाहीये.' बाबांची जेवायची वेळ सात चाळीस आहे. पावणेआठ चालत नाही. पान्ह्यांचा डबा आकाराप्रमाणे लावलेला असतो आणि गाडीची किल्ली रोज हरवलेली असते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की बाबा बाहेरून विचारायला आले, काय झालं.

तपासणी करून घ्यायची असेल तर सायकिॲट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेले हवेत, ते विचारून घ्यायला लाजू नका. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं घेऊन जा, शेरे वाचायला मजा येते. लहानपणचं माहीत असलेलं कुणीतरी सोबत न्या. आणि आत्ताच फार जड होत असेल तर टेली मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सात वाजत आले, पथकाचा सराव आहे आणि इअरप्लगची डबी नेहमीच्या खिळ्याला नाहीये. शोधते. पुढच्या भागात भेटू.