संशोधनाचें खरें मोल

युरोपांतील थोर विद्यापीठांची योग्यता शोधनिबंधांच्या संख्येनें मोजण्याचा परिपाठ आहे. १२०९ सालीं स्थापन झालेलें केंब्रिज या मापानें अग्रभागींच राहील. परंतु विद्येचें खरें माप कोणतें, हें एका मराठी विदुषीच्या चरित्रावरून पाहूं.

कमला भागवत, विवाहानंतर सोहोनी, या १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत सर चंद्रशेखर रामन यांनीं, केवळ स्त्री म्हणून, त्यांस प्रथम प्रवेश नाकारला. पण त्यांच्या निग्रहापुढें अखेर द्वार उघडलें. पुढें केंब्रिजमध्यें, नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॉपकिन्स यांच्या विभागांत, त्यांनीं संशोधन केलें. पेशींच्या श्वसनास आवश्यक असलेलें ‘सायटोक्रोम सी’ हें द्रव्य वनस्पतींतही असतें, असें त्यांनीं दाखविलें व १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली. प्रबंध अवघा ४० पानांचा!

स्वदेशीं परतल्यावर मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं गरिबांच्या आहारांतील कडधान्यें व नीरा यांचा अभ्यास केला. नीरेनें कुपोषित आदिवासी मुलांची व गर्भवतींची प्रकृती सुधारते, असें आढळलें. आमच्या उपनगरांतील आरे दुग्धप्रकल्पासही दुधाची प्रत सुधारण्याच्या कामीं त्यांचा सल्ला लाभला.

आम्ही शिक्षक गुण देऊन मोकळे होतों. विद्यार्थ्यानें त्या विद्येचें पुढें काय केलें, हें गुणपत्रिकेंत येत नाहीं. विद्यापीठांच्या कोष्टकांचेंही तसेंच आहे. निबंध किती झाले हें अवश्य मोजावें. पण त्यांतील ज्ञान कोणाच्या ताटापर्यंत पोंचलें, हेंही विचारावें.