अंगी ल्यावयाचे यंत्र

शेतातील खेकडा सर्वांच्या परिचयाचा आहे. मनुष्याची हाडे मांसाच्या आत असतात; खेकड्याचे कठीण कवच मात्र देहाच्या बाहेर असते आणि सगळा भार तेच सोशीत असते. माणसालाही असा एखादा बाहेरचा सांगाडा देता येईल काय, ही कल्पना जुनी आहे. १८९० साली निकोलस याग्न ह्या रशियन गृहस्थाने चालणे, धावणे व उडी मारणे सुलभ व्हावे म्हणून पायांना जोडावयाच्या एका साधनाचे अमेरिकन पेटंट मिळविले. धनुष्यासारख्या वाकणाऱ्या पोलादी पट्ट्या हा त्याचा मुख्य भाग होता. लोकांच्या वापरात ते साधन कधी आले नाही. परंतु विचाराचे बीज पडले.

पुढे १९६५ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक ह्या अमेरिकन कंपनीने ‘हार्डिमन’ नावाचे प्रचंड यंत्र हाती घेतले. ते अंगावर चढविलेल्या माणसाने सुमारे ६८० किलोचे ओझे लीलया उचलावे, असा संकल्प होता. परंतु यंत्राचेच वजन तितके भरले, आणि सर्व अवयव एकदम चालू करताच ते अनावर होऊ लागे. १९७१ च्या सुमारास तो उद्योग सोडून देण्यात आला. त्याच काळात बेलग्रेड येथील मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच ह्या शास्त्रज्ञाने निराळा मार्ग धरला. बलवानाला अधिक बलवान करण्याऐवजी पांगळ्याला उभे करावे, हा त्यांचा हेतू होता. हवेच्या दाबावर चालणारे त्यांचे यंत्र आजच्या उपचारयंत्रांचे पूर्वज होय.

आजच्या यंत्राची रचना थोडक्यात अशी असते. कमरेला व मांड्यांना पट्टे बांधून पायांच्या दोन्ही अंगांस हलक्या धातूच्या पट्ट्या लावतात. कमरेच्या व गुडघ्याच्या सांध्यापाशी लहान विद्युत्-मोटारी असतात. देह कोणत्या बाजूस झुकला हे सूक्ष्म मापके क्षणोक्षणी कळवितात, एक छोटा संगणक त्यावरून पुढचे पाऊल ठरवितो आणि बॅटरी शक्ती पुरविते. जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाचे योशियुकी सांकाई यांनी याहून नाजूक युक्ती योजिली. स्नायूंना मेंदूकडून आज्ञा येते तेव्हा त्वचेवर अतिशय क्षीण विद्युत्-संकेत उमटतो. पाय हलण्याइतके बळ नसले तरी तो संकेत उमटू शकतो. यंत्र तो टिपते व पायाला साह्य करते. पक्षाघाताने दुबळ्या झालेल्या रोग्याला याचा उपयोग अभ्यासासाठी होतो. तीच हालचाल पुनःपुन्हा योग्य रीतीने घडत राहिली म्हणजे मेंदू हरपलेली वाट पुन्हा शोधू लागतो. येथे यंत्र हे पायाच्या ठिकाणी नसून शिक्षकाच्या ठिकाणी असते.

पाठीचा कणा मोडून कमरेखालची जाणीव पूर्ण गेली असेल, तर गोष्ट निराळी. तेथे यंत्रच पाय होते. इस्रायलचे अमित गोफर यांना १९९७ साली अपघाताने पंगुत्व आले आणि त्यांनी ‘रीवॉक’ हे यंत्र निर्माण केले. घरी वापरण्यासाठी त्यास अमेरिकन शासनाची अनुमती २०१४ साली मिळाली. पण ते वापरताना हातांत कुबड्या घ्याव्या लागतात, आणि गोफर यांचे हातही दुबळे झालेले. आपल्या यंत्राने त्यांनी इतरांना चालविले. त्यांना स्वतःला मात्र त्यातून चालता आले नाही.

आता मुखेड तालुक्यातील एखाद्या कुटुंबाचा विचार करावा. कर्ता मुलगा झाडावरून किंवा विहिरीत पडतो, कणा दुखावतो आणि तो अंथरुणास खिळतो. अशा घरी कोणी परदेशातील चालत्या रोग्याचे चित्र दाखविले, तर शेत विकून ते यंत्र आणावे, असे आईबापांस वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना खरी माहिती मिळाली पाहिजे. अमेरिकेत २०२४ साली शासकीय विम्याने अशा एका यंत्रासाठी सुमारे ९१ हजार डॉलर मोबदला ठरविला. एवढे करूनही ते सपाट जमिनीवर, सावकाश चालते. पावसाळ्यातील काळ्या चिखलात किंवा अरुंद बोळात त्याचा निभाव लागत नाही. शिवाय ते कोणाच्याही अंगी चढत नाही. हाडे ठिसूळ झाली असतील, सांधे आखडले असतील किंवा त्वचेवर दाबाच्या जखमा असतील, तर वैद्य परवानगी देत नाहीत.

येथेच घरच्यांच्या हातातील गोष्ट येते. कणा दुखावल्याची शंका असलेल्या माणसास चौघांनी हातपाय धरून उचलू नये. मान व पाठ सरळ राखून फळीवर न्यावे. पुढे दर दोन तासांनी कूस बदलावी, त्वचा रोज तपासावी, सांधे हलवीत राहावे, हातांचे बळ वाढवावे. ह्या साध्या उपचारांवाचून महागडे यंत्र व्यर्थ आहे. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये जवळ आहेत. पुण्यास १९४४ पासून सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि मुंबईत हाजी अली येथील पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. कॅलिपर, कुबड्या व चाकांची खुर्ची ही साधने आजही बहुतेकांना अधिक स्वातंत्र्य देतात.

ह्या विद्येची दुसरी शाखा ओझे वाहणाऱ्यांसाठी आहे. पाठीचा ताण मांड्यांवर व छातीवर वाटून देणारे, मोटारीविना केवळ स्प्रिंगेवर चालणारे सांगाडे काही कारखान्यांत वापरात आले आहेत. मोंढ्यातील हमालालाही तो लाभावा, असे कोणासही वाटेल. परंतु भर उन्हात पट्ट्यांनी आवळलेले अंग किती वेळ काम करील, हा प्रश्न आहे. शिवाय यंत्राने पाठ सावरली म्हणून पोते जड करण्याचा मोह होऊ नये. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा झाला. पुण्याच्या हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १०० किलोचे पोते ५० किलोचे करावे, ही मागणी लावून धरली. पाठीवरचा भार निम्मा करणारी ही सुधारणा कोणत्याही मोटारीवाचून होण्याजोगी होती.

तात्पर्य, यंत्राचा तिरस्कार नको आणि त्याचा भाबडा मोहही नको. संगणक एके काळी किती अवजड व दुर्मिळ होता, आणि आज तो खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. अंगी ल्यावयाचे यंत्रही उद्या हलके व स्वस्त होईल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. पण त्या दिवशी ते लेण्याजोगा देह शिल्लक असावयास हवा. आणि तो राखण्याचे काम उद्यावर ढकलता येत नाही. ते आजच, रोग्याच्या उशाशी बसलेल्या आईच्या हातून व्हावयाचे आहे.