सेल्फीतला चेहरा आणि स्टुडिओतला चेहरा

(कोजागिरीच्या रात्री गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडं नीटनेटकं करून.)

मसाला दूध केव्हा मिळणार म्हणून पातेल्याकडे बघणाऱ्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

सेल्फीवर बोला म्हणाले, तेव्हा मी विचारलं, मीच का? तर सांस्कृतिक समितीच्या ताई म्हणाल्या, "काका, तुम्ही बत्तीस वर्षं लोकांचे चेहरेच बघितलेत की!" ते खरंय. दादरला माझा छोटा स्टुडिओ होता. पासपोर्ट, बारसं, मुंज, आणि सगळ्यात जास्त काम स्थळासाठीच्या फोटोंचं. आपल्या सोसायटीच्या पहिल्या गणपतीचा फोटोही मीच काढलाय. त्यात चेअरमनसाहेबांच्या डोक्यावर भरपूर केस आहेत, ज्यांना शंका असेल त्यांनी घरी येऊन बघावं.

पण आज उभा राहिलो त्याचं कारण वेगळं. स्मरणिकेसाठी सगळ्या मुलांचा ग्रुप फोटो काढायचं ठरलं. आपल्यातलीच एक मुलगी, अकरावीत आहे, नाव सांगत नाही, पण हे सांगायची परवानगी तिच्याकडून घेतलीय. ती म्हणाली, "आजोबा, मी नाही येणार. माझं नाक फार मोठं आहे." ती रांगत होती तेव्हापासून मी तिला बघतोय. नाक अगदी चारचौघींसारखं. मी हसलो. तिने फोन काढून स्वतःचे फोटो एकामागून एक दाखवले. आणि खरं सांगतो, त्या फोटोंत नाक मोठं दिसत होतं. माझं हसणं चुकलंच.

मग मी तिला आमच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. स्टुडिओत आम्ही गिऱ्हाइकापासून सहा-सात फूट लांब कॅमेरा लावायचो. का? तर जे लेन्सच्या जवळ असतं ते मोठं दिसतं. फोन हातभर अंतरावर असला की नाक कानांपेक्षा बरंच जवळ येतं. नाक फुगतं, कान मागे जातात. सहा फुटांवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणितच मांडलं. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हे त्यांनी का केलं, तर नाकाचं ऑपरेशन करा म्हणून लोक सेल्फी घेऊन यायला लागले होते! ऑपरेशन करायचंच तर हाताचं करा, तो लांब करून घ्या.

आणखी एक. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. भांग इकडचा तिकडे. १९७७ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. बायकांना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ, एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना स्वतःला उलटा जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जे बघायची सवय, ते त्याला बरं वाटतं. त्यामुळे फोटोत आपण आपल्यालाच परके वाटतो.

आता फिल्टर. इथे मला मुलांना नावं ठेवायचा अधिकार नाही. मी स्वतः ते केलंय. तेव्हा निगेटिव्हवर बारीक टोकाच्या कडक पेन्सिलीने डाग, सुरकुत्या भरून काढायचो. प्रिंट करताना चेहऱ्यावर प्रकाश कमी पाडला की रंग उजळ यायचा. आयाच सांगायच्या, "जरा उजळ करा हो." मी करायचो, वर दहा रुपये जास्त घ्यायचो. एकदा एक मुलगी एकटीच परत आली. बघायला आलेल्यांनी फोटो समोर धरून तिच्या तोंडावर विचारलं होतं, "ही तीच का?" तिने पैसे परत मागितले नाहीत. फक्त म्हणाली, "आहे तशी काढा." तो फोटो मी काढला, पण आधीचा का बदलला याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

फरक एवढाच की माझी पेन्सिल वर्षातून एकदा चालायची, यांची दिवसातून वीसदा चालते, आणि खाली लाइक मोजायला सगळी शाळा बसलेली. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे आतले कागद बाहेर आले. शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितलं होतं. म्हणजे दुकानदाराला माल ठाऊक होता.

आणि पालकहो, आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मुलांच्या फोटोखाली "किती बारीक झालीस", "उन्हात काळा पडला" हे कोण लिहितं? मी नावं घेत नाही, दूध सगळ्यांना मिळायला हवं.

तर ग्रुप फोटो रविवारी सकाळी साडेआठला, इथेच गच्चीवर, ऊन डोक्यावर यायच्या आत. मी पाण्याच्या टाकीजवळ, चांगला पंधरा फुटांवर उभा असेन. ती मुलगी येते म्हणालीय, पण मागच्या रांगेत. मी म्हटलं, चालेल.